मोहाखालची राखण

दिवाळी सरून आठ दिवस झाले होते आणि बोरगव्हाणच्या शिवारात कापूस एकदमच फुटला होता. एरवी तो टप्प्याटप्प्याने फुटे. खालची बोंडे आधी, मग मधली, शेवटी शेंड्याची. आणि वेचणाऱ्या बायांना त्याच्या मागोमाग सावकाश जाता येई. या वर्षी पाऊस आश्विनाच्या अखेरीपर्यंत लांबला आणि त्यापाठोपाठ चार दिवस कोरडा, तापट वारा सुटला. आज उघडलेले बोंड तिसऱ्या दिवशी लोंबू लागे आणि पाचव्या दिवशी कापूस मातीत पडे. मातीतला कापूस उचलला तरी त्यात काडी आणि पाला येई, आणि सौंसरच्या बाजारात त्याकडे कोणी मान वळवून पाहत नसे.

पुरुष गव्हाच्या पेरणीत गुंतले होते. वेचणी बायांची होती आणि ती सावडीने चाले. पाच घरांच्या पाच बाया आळीपाळीने एकमेकींच्या शेतात उतरत. ज्या घरची बाई सावडीतून गळाली, त्या घरच्या शेतात बाकीच्या चौघी पाऊल टाकीत नसत. यात कठोरपणा नव्हता. प्रत्येकीचाच कापूस गळत होता.

पाचही बायांच्या अंगावर पिती मुले होती. ती सांभाळण्याचे काम मोरेश्वरच्या आईकडे, जयवंताबाईकडे, होते. ज्या शेतात वेचणी असेल त्या शेताच्या धुऱ्यावरील, बांधावरच्या, झाडाला पाच झोळ्या बांधल्या जात आणि खाली जयवंता पाय पसरून बसे. प्रत्येक झोळीची एक दोरी तिच्या पायाच्या बोटांत अडकवलेली असे. एका पायाच्या तीन, दुसऱ्याच्या दोन. कोणते मूल चुळबुळले ते दोरीवरून तिला समजे आणि तेवढेच बोट हलवून ती तेवढीच झोळी हालवी. हात मोकळे असत, त्यांनी ती वाती वळी. वातींचा कापूस तिच्या हक्काचा होता. दिवस मावळताना प्रत्येक बाई आपल्या ओटीतील एक मूठ कापूस काढून तिच्या पदरात टाकी. चैती पौर्णिमेला ती त्या वाती जामसांवळीच्या हनुमानाला नेऊन देई. घरात सुनेने वाढलेले खाणाऱ्या त्या विधवेपाशी पाच मुठींखेरीज स्वतःचे म्हणावे असे काही नव्हते.

"बुढी नाई, हे तं तारघर हाये," कौतिका म्हणे. पाच जणींत तिची जीभ सर्वांत तिखट होती आणि तिचा मुलगा लग्नानंतर सात वर्षांनी झालेला होता. "इकडून दोरी हालली का तिकडं खबर."

सगळ्या हसत. जयवंताही हसे. तिची सून उर्मिला, मोरेश्वरची बायको आणि पाच जणींतलीच एक, मात्र कापसाकडे वळे, कारण त्या पाच दोऱ्यांचे खरे कारण तिला ठाऊक होते.

ते तिला पोळ्याच्या आदल्या दिवशी कळले होते. जयवंता तांदूळ निवडीत बसली होती. खडे सुपात राहत होते आणि तांदूळ बाहेर पडत होते. उर्मिलेने सूप काढून घेतले.

"आत्याबाई, तुमाले दिसत नाई."

"दिसते. उजेड दिसते. मानूस आला का सावली दिसते."

"अन लेकराचं तोंड?"

"तोंड कायले पाह्यचं? हात लावला का समजते कोनाचं हाये ते." थोडा वेळ ती आपल्या रिकाम्या हातांची बोटे चोळीत राहिली. मग म्हणाली, "मोरूले सांगशीन?"

आठ महिन्यांची तिची मुलगी तिच्या कडेवर होती. सासू राखण करीत नाही असे एकदा गावात झाले की पाच मुले पाच जणींच्या गळ्यात येणार, सावड मोडणार, आणि सर्वांत आधी कापूस पडणार तो टेकडीलगतच्या, वाऱ्याच्या तोंडी असलेल्या त्यांच्याच शेतात. हे सगळे तिने त्या एका क्षणात पाहिले. सासूवर दया तिला आली नाही असे नाही. परंतु नवऱ्यापासून तिने ते लपविले ते दयेमुळे नव्हे.

"दोऱ्या बांधू," ती म्हणाली. "पायाले."

म्हणजे दोऱ्यांची युक्ती सुनेची होती आणि कौतुक सासूचे होत होते. दोघींनी त्याबद्दल पुन्हा कधी शब्द काढला नाही.

मोरेश्वरच्या शेतात वेचणी सुरू झाली त्या दिवशी रीतीप्रमाणे सीतादही झाले. धुऱ्याच्या कोपऱ्यात सात खडे मांडले, त्यांना शेंदूर लावला, पहिल्या बोंडांचा कापूस वाहिला, आणि पळसाच्या पानावर दहीभात ठेवून बाया ओळींत उतरल्या. कापसाच्या दर आठ ओळींमागे तुरीची एक ओळ होती. तूर पुरुषभर वाढून फुलली होती, आणि तिच्या पलीकडे गेलेली बाई झोळ्या टांगलेल्या मोहाच्या झाडाखालून दिसेनाशी होई. टेकडीवरून उतरणारा कोरडा नाला शेताच्या वरच्या अंगाने जात होता.

दुपारी जयवंतेला खड्यांकडून चाटण्याचा आवाज आला. "हाड्!" ती म्हणाली. आवाज थांबला, पुन्हा सुरू झाला. तिने ढेकूळ फेकले, ते भलतीकडे पडले. उजेडात एक राखी सावली तिला दिसली, कुत्र्याच्या उंचीची. मग ती सावली वाळल्या पानांवरून नाल्याकडे गेली.

"कुत्र्यानं सीतादही खाल्लं," तिने संध्याकाळी समाधानाने सांगितले. "आमच्या माहेरी म्हनत, सीतादहीचा घास ज्यानं खाल्ला तो त्या शेताचा राखनदार झाला."

"मंग आता बुढीले जोडीदार भेटला," कौतिका म्हणाली. "दोघं मिळून राखा."

दुसऱ्या दिवसापासून जयवंता आपल्या भाकरीचा चतकोर वेगळा ठेवू लागली. वीस पावलांवर, खड्यांच्या बाजूच्या दगडावर, ती तो चाचपत नेऊन ठेवी आणि परत येऊन दोऱ्या बोटांत अडकवी. दुपार कलली की तो येई. तीन पावले वाजत आणि चौथे वाजत नसे. भाकरी दाताखाली कडकडे. तो कधी भुंकला नाही. तिला त्याचा आधार वाटू लागला होता. दिवसभर पाच तान्ह्या जिवांखेरीज तिच्याजवळ कोणी नसे, आणि जो नियमाने येतो तो आपला, असे मानण्याइतके तिचे जग आता आखडले होते.

चौथ्या दिवशी उर्मिला मुलीला पाजण्यासाठी वेळेआधी वर आली. तुरीची शेवटची ओळ ओलांडताना ती थांबली. खड्यांपाशी एक जनावर उभे होते. मळक्या राखी रंगाचे, उंच पायांचे, पोट पाठीला लागलेले. मागचा डावा पाय त्याने जमिनीवर टेकला नव्हता. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिले. गावातले कुत्रे माणसाकडे पाहते तेव्हा शेपटी हालवते किंवा दबते. त्याने दोन्ही केले नाही. मग ते वळले आणि धावत नव्हे, चालत नाल्यात उतरले. त्याच्यापासून वीस पावलांवर पाच झोळ्या होत्या आणि खाली तिची सासू वात वळीत होती.

उर्मिला बराच वेळ तुरीत उभी राहिली. काय पाहिले हे तिला ठाऊक होते. टेकडीच्या पायथ्याशी वाढलेली बाई ती. तिच्या वडिलांच्या मेंढ्या तिने लहानपणी वळल्या होत्या. परंतु ठाऊक असणे आणि मान्य करणे यांत जे अंतर असते ते तिने त्या उन्हात उभ्या उभ्या ओलांडायचे टाळले. टोल्यावरचे, टेकडीपलीकडच्या गुराख्यांच्या वस्तीवरचे, एखादे कुत्रे असेल, तिने ठरविले. लांडगा भाकर कशाला खाईल? दिवसाढवळ्या माणसाच्या इतक्या जवळ कशाला येईल? प्रश्न बरोबर होते. उत्तर मात्र तिने कोणाला विचारले नाही, कारण विचारले असते तर पुढचा प्रश्न हा आला असता की बुढीला दिसले कसे नाही.

"आत्याबाई, त्या कुत्र्याले भाकर नका टाकू."

"कावून?"

"पिसायलेलं असलं तं?"

"पिसायलेलं असं शांत खाते का?" जयवंता म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी तिने भाकर ठेवली नाही. तो आला, दगडाभोवती फिरला. मग एकदा, फक्त एकदा, पाने झाडाच्या अगदी जवळ वाजली. जयवंतेने काठी जमिनीवर आपटली. पाने पुन्हा दूर वाजली. हे तिने सुनेला सांगितले नाही.

त्यानंतरच्या सकाळी कोतवाल नत्थूजी ओरडत गावात शिरला. टेकडीपलीकडच्या टोल्यावर राहणाऱ्या एका गुराख्याची चार वर्षांची मुलगी आदल्या दिवशी दिवेलागणीला गोठ्यासमोरून नाहीशी झाली होती आणि सकाळी नाल्यात सापडली होती. तिचे काय उरले होते ते नत्थूजीने पुरुषांना सांगितले. बायांना सांगितले नाही, आणि म्हणून बायांना ते अधिक समजले.

त्या दिवशी वेचणी झाली नाही. पुरुष पुंडलिकरावांच्या ओट्यासमोर जमले. गावात बंदूक एकच होती आणि ती पुंडलिकरावांची होती. पाच वर्षांपूर्वीपर्यंत ते गावचे मालगुजार होते; गाव आणि जंगल त्यांच्या मालकीचे होते आणि लोक अजून त्यांना पाटील म्हणत. त्या काळी जनावर मातले की हाका काढणे, ढोल बडवून त्याला बंदुकीसमोर हुसकणे, हे त्यांचे काम समजले जाई, आणि त्यांनी ते कधी चुकविले नव्हते.

"जंगल माह्यं होतं तवा लांडगा माह्या होता," पुंडलिकराव म्हणाले. "सरकारनं जंगल नेलं, गाव नेलं, झाडं मोजून नेली. लांडगा तेवढा मले कायले ठेवून राहिले?"

"अरजी देऊन आलो ना मालक," नत्थूजी म्हणाला. "मागच्या हप्त्यात टोल्यावरच्या दोन बकऱ्या गेल्या तवाच गेलतो कचेरीत. बाबू म्हने, लांडग्याचा कागद पह्यले नागपूरले जात होता. राज्याच्या वाटनीत नागपूर गेलं मुंबईत अन आपन राहिलो इकडं. आता कागद भोपाळले जाईन."

"मंग?"

"मंग म्या इचारलं, बाबूजी, भोपाळ किती दूर हाये? म्हने, मलेबी पाह्यचंच हाये."

कोणीतरी हसले आणि लगेच थांबले, कारण मुलीचा बाप तिथेच खालच्या पायरीवर बसला होता. तो काही मागत नव्हता. त्याच्या हातात मुलीची पितळी वाळी होती. ती तो बोटावर फिरवीत होता. पुंडलिकरावांनी त्याच्याकडे दोनदा पाहिले. तिसऱ्यांदा पाहण्याऐवजी ते उठले.

"उद्या सकाळी," ते म्हणाले. "ढोल घ्या, टिनाचे डबे घ्या. अन मी सरकारसाठी नाई जाऊन राहिलो, हे ध्यानात ठेवा."

जयवंता तो सगळा दिवस आपल्या घराच्या ओट्यावर बसून होती. संध्याकाळी नत्थूजी समोरून जाताना तिने त्याला थांबविले.

"नत्थूजी, लांडगा भुंकते का हो?"

"नाई वो माय. लांडगा कायचा भुंकते? मुक्यानं येते."

"हं," ती म्हणाली, आणि वाती वळायचे थांबली.

सकाळी चाळीस माणसे नाल्याच्या वरच्या तोंडाशी गेली. दोन प्रहर ढोल, डबे आणि शिव्या यांचा आवाज टेकडीवरून खाली येत राहिला. मग एक बार झाला, थोड्या अंतराने दुसरा. तिसऱ्या प्रहरी मिरवणूक गावात आली: पुढे ढोल, मागे बांबूला चारी पाय बांधून उलटा टांगलेला लांडगा. मादी होती, तरणी. पुंडलिकरावांच्या कपाळाला कोणीतरी गुलाल लावला होता. पाच वर्षांत प्रथमच लोक त्यांच्या मागे चालत होते, आणि ते त्यांच्या चालण्यावरूनही दिसत होते.

जनावर चावडीपुढे ठेवले. बाया मुलांना कडेवर घेऊन आल्या. उर्मिला आली, तिने लांडग्याच्या पायांकडे पाहिले, आणि ती दोन पावले मागे सरकून कौतिकेच्या आड उभी राहिली.

"उद्या सकाळी मोरेश्वरच्याच वावरात," कौतिका म्हणाली. "दोन दिस गेले. अर्धा कापूस खाली आला असन."

एवढ्यात मोरेश्वर आईचा हात धरून येताना दिसला. ती हट्ट करून आली होती. गर्दी बाजूला झाली.

"ये बुढी, पाह्य," नत्थूजी म्हणाला. "भेऊ नको, आता चावत नाई."

जयवंता खाली बसली. तिने हात पुढे केला. तो आधी मातीला लागला, मग केसांना. तिने पाठीवरून हात फिरविला, पुढचा पाय खांद्यापासून पंजापर्यंत चाचपला, मग दुसरा. लोकांना गंमत वाटत होती. जनावराला देवासारखे चाचपते आहे असे कोणी म्हणाले. मागचा उजवा पाय झाला. मागच्या डाव्या पायावर तिचे हात फार वेळ राहिले. तिने सांधा वाकविला, पंजा दाबला, नखे मोजली.

"याचे चारी पाय धड हायेत," ती म्हणाली.

"मंग काय तीन पाह्यजे होते?" नत्थूजी म्हणाला.

"जो येत होता तो लंगडा होता. मागच्या पायानं."

"कोन येत होता? कुठं?"

"मोहाखाली. सीतादहीच्या दिसापासून. मले वाटलं कुत्रं हाये. म्या त्याले भाकर देत होती."

काही क्षण कोणाला अर्थ लागला नाही. कौतिकेला प्रथम लागला. तिने मुलगा शेजारणीच्या हातात दिला, जयवंतेसमोर उकिडवी बसली आणि तिच्या डोळ्यांपुढे आपला पंजा धरला. मग तो डावीकडे नेला, उजवीकडे नेला. जयवंतेचे डोळे होते तिथेच राहिले. कौतिका ओरडेल अशी सगळ्यांची अपेक्षा होती, परंतु ती हळूच बोलली.

"सात वर्सांनी झालं मले पोट्टं. सात वर्सांनी. अन मी ते आंधळीच्या पायाले बांधून जात होती."

मग ज्या बायांना ओरडायचे होते त्या ओरडल्या. एकीने विचारले की तिला मुठी घेताना लाज कशी वाटली नाही. दुसरीने आपल्या मुलाचे सर्व अंग तिथेच उघडून तपासले. जयवंता बसूनच होती; तिच्या बोटांना लांडग्याचे केस चिकटले होते आणि ती ते एकेक करून काढीत होती.

"माय," मोरेश्वर म्हणाला, "मले तरी सांगाचं होतं."

"कोनालेच सांगतलं नाई म्या."

"उर्मिलेले?"

"तिलेबी नाई." आवाज स्थिर होता. "ते पोरगी सक्काळपासून वावरात असते. तिले काय समजते? कोनालेच नाई."

उर्मिलेने मुलीला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतले.

पुंडलिकराव पुढे आले. त्यांच्या कपाळावरचा गुलाल घामाने ओघळला होता.

"ऐका," ते म्हणाले. "बाई आंधळी हाये म्हून लेकरं राखाले नालायक, हे कबूल. मंग बाई आंधळी हाये म्हून तिनं न पाह्यलेला लांडगा खरा, हे कसं? दोन्ही गोष्टी एका तोंडानं नाई चालत."

"डोळ्यानं नाई सांगून राहिली पाटील. कानानं सांगून राहिली. तीन पाय वाजत, चवथा नाई."

"काटा रुतलेलं कुत्रं असन."

"मंग भुंकलं कावून नाई?"

"आता भाकर देणाऱ्यावर कोन भुंकते?" लोक हसले, आणि त्या हसण्याने निकाल लागला. हे मात्र खरे की निकाल असाच लागावा अशी तिथल्या प्रत्येकाची इच्छा होती. लांडगा मेला असेल तर उद्या कापूस वेचता येत होता. मेला नसेल तर नाही. लांडग्याला खड्ड्यात टाकण्यासाठी उचलले तेव्हा मुलीचा बाप तेवढा जयवंतेपुढे थांबला, काहीतरी विचारावे असे त्याला वाटले असावे. पण माणसे पुढे गेली तसा तोही गेला.

त्या संध्याकाळी मोरेश्वर जेवून बैलांकडे गेला. उर्मिलेने सासूला वाढले. जयवंता दोन घास खाऊन हात धुऊ लागली.

"आत्याबाई, तुमी खोटं कायले बोलल्या?"

"एकीचंच नाव खराब होते ते बरं," जयवंता म्हणाली. "दोघींचं कायले?"

"पन तो लंगडा..."

जयवंतेने मान तिच्याकडे वळविली. उर्मिलेने वाक्य पुरे केले नाही, परंतु तेवढ्यात जे कळायचे ते कळले होते. म्हातारीने पाण्याचा तांब्या चाचपत खाली ठेवला.

"तुनं पाह्यला," ती म्हणाली.

उर्मिला ताट उचलून बाहेर गेली.

सकाळी सावड मोरेश्वरच्या दाराशी आली. चौघीही होत्या, कमरेला ओट्या बांधलेल्या, कडेवर मुले. मागे रस्त्यावर नत्थूजी आणि पेरणीला निघालेले सहा-सात पुरुष थांबले होते, कारण कालच्या प्रकारानंतर या घरासमोर काय होते ते सर्वांनाच पाहायचे होते. जयवंता ओट्याच्या कोपऱ्यात होती. तिच्याकडे न पाहता कौतिका उर्मिलेसमोर उभी राहिली.

"आमी ठरवलं," ती म्हणाली. "लेकरं तू राख. तुह्या वाटचा कापूस आमी चौघी वेचून देतो, तुह्यं वावर पह्यलं. तुले डोळे हायेत, अन तुह्यावर आमचा भरोसा हाये. तुह्यं लेकरूबी तिथंच टांगलं होतं ना वो. तुलेबी तिनं फसवलंच." आणि तिने आपला मुलगा उर्मिलेच्या हातात दिला.

मूल जड होते. रात्रीच्या झोपेची ऊब त्याच्या अंगाला अजून होती. त्याने उर्मिलेचे मंगळसूत्र धरले आणि तोंडात घातले. आतून तिची स्वतःची मुलगी रडू लागली होती. दारातून टेकडीलगतचे शेत दिसत होते. वरच्या चतकोरात कापूस गळून बोंडे काळी पडली होती, खाली मात्र अजून सगळे पांढरे होते. चौघी मन लावून लागल्या तर चार दिवसांत निघाले असते. तिला फक्त मोहाखाली बसायचे होते. काठी घेऊन, डोळे उघडे ठेवून. कदाचित तो गेलाही असेल. कदाचित काल ढोलाने तो दुसऱ्या शिवारात पळाला असेल.

"तो लांडगाच होता," ती म्हणाली.

"कोन?"

"म्या पाह्यला. टोल्यावरची पोट्टी गेली त्याच्या एक दिस आधी. मी पाजाले वर आली तं खड्यांपाशी उभा होता. राखी रंगाचा, हाडं निंगलेला. मागचा डावा पाय टेकतच नोता. माह्याकडं पाह्यलं अन नाल्यात गेला, वरच्या बाजूनं, टोल्याकडं." एकदा सुरू झाल्यावर तिला थांबता येईना. "काल मारला तो नव्हे. आत्याबाईले दिसत नाई हे मले पोळ्यापासून ठावूक होतं. दोऱ्या म्याच बांधल्या."

मोरेश्वरने बैलांच्या वेसणी हातातून सोडल्या.

कौतिका हलली नाही. उर्मिलेला वाटले आता ती मारेल, आणि मारले असते तर बरे झाले असते. "टोल्याकडं," कौतिका म्हणाली. "एक दिस आधी." तिने आपला मुलगा परत घेतला. मंगळसूत्र त्याच्या मुठीत होते. तिने त्याची बोटे एकेक करून सोडविली आणि ते करताना उर्मिलेच्या गळ्याला आपला हात लागू दिला नाही. मग ती रस्त्यावरच्या पुरुषांकडे वळली.

"ऐकलं? आता डोळेवालीनं सांगतलं. का अजून एक पोट्टं पाह्यजे तुमाले?"

पुरुष एकमेकांकडे पाहू लागले. नत्थूजीने टोपी काढून पुन्हा घातली. "मी जातो पाटलाकडं," तो म्हणाला. "टोल्यावर पह्यले खबर पाठवा. तिथं कोनी लेकरं बाहेर सोडू नका म्हना." दोघे तिफणी तिथेच टाकून टेकडीच्या वाटेने पळाले. थोड्या वेळाने चावडीकडून ढोल वाजला, कालच्यापेक्षा कमी उत्साहाने, पण वाजला.

बाया मुले घेऊन आपापल्या घरी गेल्या. जाताना एकीने तिच्या सावलीवर पाय पडू नये म्हणून वाट वाकडी केली. मोरेश्वरने बैल पुन्हा गोठ्यात बांधले, वळचणीतून काठी काढली, बायकोजवळून जाताना क्षणभर थांबला, आणि मग ढोलाच्या दिशेने गेला. वारा सुटला होता. टेकडीलगतच्या शेतातून कापसाचे पुंजके सुटून काटेरी कुंपणावर अडकत होते आणि ते दारातून मोजता येतील इतके स्पष्ट दिसत होते.

उर्मिला अंगणात उभीच होती. आत मुलगी रडून रडून थकली होती.

"ऊन चढलं," जयवंता ओट्यावरून म्हणाली. "पोरगीले घेऊन ये इकडं. पाज तिले." आणि भिंतीचा अंदाज घेत ती कोपऱ्यात सरकली व शेजारी एका माणसापुरती जागा केली.